कोठीच्या खोलीतली शाळा

एकोणीसशे ब्याऐंशी साल. मी तेव्हा त्रेचाळीस वर्षांचा होतो आणि सासरा होऊन मला पाच महिने झाले होते. आमच्याकडे त्या वयात सासरा होणं म्हणजे काही नवल नव्हतं. माझं स्वतःचं लग्न अठराव्या वर्षी झालं, पोराचं बाविसाव्या. तो माझ्यापेक्षा चार वर्षं जास्त मोकळा राहिला, एवढंच.

माझं शिक्षण दुसरी. तीही पुरी नाही. मास्तरांनी एकदा सगळ्या वर्गासमोर अंगठे धरून उभं केलं. मी पाटी तिथेच ठेवून घरी आलो, आणि ती परत आणायला काही गेलो नाही. बापाने समजावलं, आईने मारलं, मास्तर स्वतः घरी येऊन गेले. मी गेलो नाही. वाचायला पुढे मी माझा मीच शिकलो, बाजारातून येणाऱ्या पुड्यांच्या कागदांवरून. म्हणून सांगून ठेवतो, हे सगळं मी माझ्या हातानं लिहितो आहे. अक्षर वाकडं आहे, पण माझं आहे.

आमचं गाव बपेऱ्याच्या रस्त्यावर. घरची धानाची शेती. पोरगा मॅट्रिक होऊन चिखल्याच्या खाणीत लागला होता. शनिवारी संध्याकाळी सायकलने घरी यायचा आणि सोमवारी सकाळी जायचा. सून शहापूरकडची. तिकडे मोठा रस्ता, हायस्कूल, पोरी दप्तर घेऊन बिनधास्त जातात. तिची दहावी अर्धी झाली होती, तेवढ्यात तिच्या वडलांचं दुखणं निघालं. परीक्षा राहिली आणि पाठोपाठ लग्न झालं. आमच्या घरी ती आली तेव्हा तिच्या पेटीत लुगड्यांच्या खाली दहावीची पुस्तकं होती. माझ्या बायकोला ती दिसली. तिने मला सांगितलं, मी म्हटलं, असू दे, रद्दी आहे.

श्रावणात एका रविवारी पोराने विषय काढला. म्हणाला, "बाबा, तिले मॅट्रिकले बसाचं हाय. शाळेत जा लागत नाई. सतरा नंबरचा फारम भरला का घरी अभ्यास करून मार्चात परीक्षा देता येते. पास झाली तं पुढं मास्तरनीचं शिकता येईन."

"मंग पुढच्या साली भर. घाई काय हाय?"

उत्तर दिलं ते माझ्या बायकोने, चुलीपाशी बसल्या बसल्या. "पुढच्या साली मांडीवर लेकरू असन. मंग कोनती परीक्षा न् कोनता फारम? होईन तं यंदाच होईन."

मी हो म्हटलं नाही, नाही म्हटलं नाही. उठून बांधावर गेलो.

हो म्हणायची पाळी माझ्यावर माझ्या थोरल्या भावाने आणली. पोळा झाला होता, रोवणी, म्हणजे धानाची लावणी, कधीच आटोपली होती, लोंब्या निसवायला अवकाश होता. असे दिवस माणसाला सपरीत बसून गप्पा मारायचे. सपरी म्हणजे आमच्या घराची पुढची ओसरी. तिच्या मधल्या खांबाला टेकून बसायची माझी जागा. आधी माझा बाप तिथे बसायचा. गावात कोणाला माझ्याशी काम असलं की तो सरळ त्या खांबाकडे यायचा, घरात विचारायचा नाही. त्या दिवशी चार माणसं बसली होती आणि भाऊ मोठ्याने म्हणाला,

"का गा, सुनेले मॅट्रिक करून राहिला म्हने तू?"

"पोरगा म्हन्ते."

"मंग शाळेत कोन पोचवून देईन? तूच ना? सुनेचं दप्तर खांद्यावर, सासरा पुढं न् सून मांगं. पाहाले मजा येईन गा!"

चारही जण हसले. एकाला तर ठसका लागला.

"थे कायले जाईन शाळेत?" मी म्हटलं. "शाळाच घरात आनतो मी. पाहा तू."

तोंडातून शब्द निघून गेला. घरात मी अजून कोणाला हो म्हटलेलं नव्हतं. आत दाराआड बांगड्या वाजल्या, तेव्हा कळलं की सुनेनेही ऐकलं. आता माघार घेतली असती तर भाऊ मरेपर्यंत बोलला असता. दुसऱ्या दिवशी मी कामाला लागलो.

घर माझ्या हातचं. भिंती मीच घातल्या, छपरावर कवेलू, म्हणजे कौलं, मीच चढवले, त्यामुळे कोणती जागा द्यायची हे ठरवायला मला कोणाची गरज नव्हती. सपरीला लागून कोठीची खोली होती. तिच्यात धान साठवायची ढोली ठेवलेली असायची. बांबूच्या तट्ट्याची, शेणामातीनं लिंपलेली, माझ्या उंचीची. त्या दिवसांत ढोलीत धान तळाशीच उरलं होतं, म्हणून ती हलवता येत होती. ती मधल्या घरात न्यायची, कोठीची खोली मोकळी करायची, पूर्वेच्या भिंतीला खिडकी पाडायची, असं मी ठरवलं.

"ढोलीले हात लावाच्या आंधी मले इचारलं का?" बायको म्हणाली.

"इचारून तं राहिलो ना."

"दोर बांधून झाल्यावर?"

दोर खरंच बांधून झाला होता. तिने कपाळाला हात लावला आणि दुसरं टोक धरलं.

खिडकी पाडायला दोन दिवस लागले. भिंत दोन हात जाड. मी सब्बलने, म्हणजे पहारीने, एक एक ढेकूळ काढत गेलो. चौकट जुन्या बैलबंडीच्या पाट्यांची केली. छपरातले दोन कवेलू काढून तुमसरहून आणलेला काचेचा कवेलू बसवला, म्हणजे ढगाळ दिवशीही कागदावर उजेड पडावा. वीज गावात आली होती पण तिचा भरवसा नव्हता. टेबलासाठी जुन्या दाराचा एक पल्ला घेतला आणि त्याला चार पाय ठोकले. गावचा वाढई, म्हणजे सुतार, म्हणाला, मी करून देतो. मी म्हटलं, दार मी बसवलं होतं, टेबलही मीच बसवीन. एक पाय आखूड झाला, त्याच्याखाली कवेलूचा तुकडा दिला. दाराची कडी काढायची राहून गेली. ती टेबलाच्या कडेला तशीच लोंबायची. खुर्ची पोराने आणली, चिखल्याहून, सायकलच्या कॅरिअरवर उलटी बांधून. लोखंडी, वेताच्या बैठकीची. आमच्या घरातली ती पहिली खुर्ची.

राहिला फळा. गावच्या शाळेतले म्हातारे गुरुजी मंगळवारी आणि शुक्रवारी येऊन गणित शिकवायला तयार झाले होते. ते म्हणाले, "भिंतीवर सिमेंटचा पातळ हात मारून घ्या, वरून काळा रंग द्या, झालं."

मला सिमेंट कोणी शिकवावं? मी म्हटलं, "गुरुजी, भिंत मातीची, तं फळाही मातीचाच धरन. तुमी बेफिकीर राहा."

चिखल केला. शेण घातलं. चीर पडू नये म्हणून तणस, म्हणजे धानाचा पेंढा, बारीक कापून मिसळली, भिंत घालताना घालतो तशी. त्यात खळ्यावरचा थोडा भुसा टाकला. पायाने दोन तास तुडवला. खिडकीच्या बाजूच्या भिंतीवर चार हात लांब फळा लिंपला, गोट्याने घोटला, टॉर्चच्या जुन्या शेलमधला काळा कोळसा कुटून पानांच्या रसात कालवून वरून दोन हात दिले. ओला असतानाच तो आरशासारखा दिसत होता. गुरुजी मान हलवून गेले. मी त्यांच्या मान हलवण्याचा अर्थ माझ्या सोयीचा घेतला.

त्याच आठवड्यात पावसाची झड लागली. सहाव्या दिवशी सकाळी बायकोने आवाज दिला. "अहो, इकडं या. तुमच्या फळ्याले पाहा काय झालं."

फळ्यातून धान उगवलं होतं. तणशीत आणि भुशात राहून गेलेले दाणे ओल लागून फुटले होते. काळ्या भिंतीवर बोटभर उंचीचे हिरवे कोंब, कुठे दाट, कुठे विरळ, सगळे खिडकीच्या उजेडाकडे वळलेले. सून पदर तोंडाला लावून दाराआड उभी होती. तिचे खांदे हलत होते. ती आमच्या घरी येऊन पाच महिने झाले होते आणि तिला हसताना मी पहिल्यांदा पाहिलं.

भावाला बातमी कशी पोचली देव जाणे. तो न्याहारी सोडून आला.

"वा गा! पऱ्हे तं भिंतीवर टाकले तू. आता रोवना कधी हाय? बाया सांगाच्या का?"

पऱ्हे म्हणजे रोवण्यासाठी आधी टाकलेली धानाची रोपं. मी एक एक कोंब उपटला. गाईला टाकला. सगळा फळा खरवडून काढला आणि नव्याने केला, या वेळी वारुळाची माती चाळून घेतली, तणशीचा एक तुकडा आत जाऊ दिला नाही. सिमेंट मात्र नाही म्हणजे नाही. दुसरा फळा असा झाला की गुरुजींनी खडूने रेघ ओढली आणि म्हणाले, "बरा उठतो." त्यांच्या तोंडून एवढं निघणं म्हणजे पुष्कळ.

आता खोली पाहण्यासारखी झाली. आणि लोक पाहायला येऊ लागले.

खरं सांगायचं तर त्या महिन्यासारखा महिना मी आयुष्यात फार कमी वेळा पाहिला. रोज कोणी ना कोणी यायचं. मी खांबापासून उठायचो, त्याला आत न्यायचो, काचेचा कवेलू दाखवायचो, खिडकी उघडून दाखवायचो, कडी असलेलं टेबल दाखवायचो. पाहुण्याला खुर्चीवर बसवायचो, कारण खुर्ची कशी आहे हे बसल्याशिवाय कळत नाही. फळ्यावर धान उगवल्याची गोष्टही सांगायचो. आधी लपवत होतो, पण लोकांना तीच जास्त आवडते असं दिसलं. कोणी नसलं की दुपारी मी स्वतःच जाऊन खुर्चीवर बसायचो. खिडकीतून बोडीवरचा, म्हणजे शेततळ्यावरचा, वारा यायचा. डोळा लागायचा.

गुरुजी येत तेव्हा सून खाली चटईवर बसून गणितं सोडवायची. माझ्या खांबावरून ते दिसायचं, कारण खोलीचं दार बरोबर खांबासमोर. पण गुरुजी गेले की ती वही मिटून चुलीकडे जायची. मला वाटलं, लाजत असेल, होईल सवय. आठ दिवस गेले, पंधरा गेले. टेबलावर पुस्तकं नीट रचलेली असायची, धूळ पुसलेली असायची, आणि खुर्ची रिकामी. म्हणजे माझ्याशिवाय रिकामी.

एक दिवस मी दारात उभा राहून म्हटलं, "पोरी, बस ना खुर्चीवर. तुह्यासाठीच आनली."

"हो मामाजी," म्हणाली आणि बसली. अगदी काठावर, पदर पुढे ओढून. मी खांबाला टेकून बसलो आणि पाहत राहिलो, आता वाचते कशी ते. तिने पुस्तक उघडलं. मी पान मोजत होतो असं समजा. एक पान उलटलं नाही. मी खाकरलो तर ताडकन उभी राहिली. मनात म्हटलं, डोकं कमी असेल बिचारीचं. पोराला उगाच हौस.

दिवाळीच्या आधीच्या एका शनिवारी पोरगा फॉर्म घेऊन आला. सोमवारी परत न्यायचा होता, मुदत संपत होती. रविवारी जेवणं झाल्यावर त्याने तो टेबलावर ठेवला आणि तिला सही करायला हाक मारली. मी सपरीतून ऐकत होतो.

"यंदा राहू द्या," ती म्हणाली.

"काहून?"

"अभ्यास नाई झाला माहा. नापास होईन. मामाजीचं नाव जाईन."

पोराने फार समजावलं. ती रडली नाही, भांडली नाही, फक्त राहू द्या म्हणत राहिली. मला इतका राग आला की मी उठून खळ्याकडे गेलो. ढोली हलवली, भिंत फोडली, दोनदा फळा केला, गावभर सांगितलं, आणि ही म्हणते राहू द्या! संध्याकाळी परत आलो तेव्हा बायको परसात तांदूळ पाखडत होती. मी तिच्यावरच तोंड सोडलं.

"सांग तुह्या सुनेले. खोली करून देल्ली, खुर्ची देल्ली. अजून काय पाहिजे तिले? पालखी?"

तिने सूप खाली ठेवलं नाही. पाखडता पाखडताच म्हणाली, "खोली कोनाची हाय?"

"कोनाची म्हन्जे? तिची."

"मंग तुमी काहून बसता तिच्यात? दुपारी घोरता कोन? गाव आनता कोन? महिना झाला, त्या खोलीत माह्या सुनेले कोनी एकटं नाई ठेवलं."

"मी तिले बस म्हटलं. तोंडानं म्हटलं."

"तुमी म्हटलं न् समोर बसून पाह्यलं. सासरा भुईवर न् सून खुर्चीवर, कोनाच्या घरी पाह्यलं तुमी? मी तुमच्या बापासमोर कधी खाटेवर बसली? बारा वर्षं मी या सपरीतून कशी गेली, ठाऊक हाय ना? भिंतीभिंतीनं, पाठ न दाखोता. थे खुर्चीत बसली तं तिची पाठ तरी तुमच्याकडं होते, नाई तं तोंड तरी. वाचन कशी? तिले मोठ्यानं वाचल्याशिवाय पाठ होत नाई. तुमच्या कानावर पडन म्हनून थे मनात वाचते न् इसरते."

"मी का राक्षस हाय का वो?"

"राक्षस असते तं बरं होतं. सासरे हाय ना तुमी."

मी सपरीत आलो, खांबाला टेकलो. समोर ते दार. मला तिथून टेबल दिसत होतं, खुर्ची दिसत होती, फळ्याचा अर्धा भाग दिसत होता. इतके दिवस मला ते सगळं दिसतं याचंच सुख वाटत होतं. माझा बाप या जागी बसायचा तेव्हा माझी बायको भिंतीला अंग घासत जायची, ते मी तिच्या सांगण्यावरून पहिल्यांदा नीट आठवलं. पाहिलं रोजच होतं.

जागा सोडायची म्हणजे सोपं नव्हतं. गाव म्हणेल, सुनेने सासऱ्याला सपरीतून उठवलं. भाऊ काय म्हणेल ते तर मला शब्द न् शब्द ऐकू येत होतं. मी दोन वेळा ठरवलं आणि दोन वेळा मोडलं. पोरगा येऊन म्हणाला, "बाबा, फारम तसाच वापस नेतो मंग." मी म्हटलं, "सकाळी पाहू. टेबलावरच राहू दे."

सून पुढे मार्चात परीक्षेला बसली. गणितात काठावर, बाकी विषयांत चांगली पास झाली. नंतर मास्तरीण झाली, आपल्याच तालुक्यात नोकरी केली, आणि मागच्या काही वर्षांत निवृत्तही झाली. नातवंडं त्याच खोलीत शिकली. टेबल अजून आहे. हे सगळं चांगलंच झालं, पण ते तिचं. माझं म्हणण्यासारखं जे आहे ते त्या सोमवारच्या सकाळचं.

दिवस उगवायच्या सुमारास मी उठलो. माझी खाट, तंबाखूची चंची, पाण्याचा गडवा आणि दोर वळायला ठेवलेला अंबाडीचा वाख उचलला आणि घरामागच्या गोठ्यात नेऊन ठेवला. बायको अंगण झाडत होती.

"कुठं चालले?"

"गोठ्यात. तिथं ऊन चांगलं येते."

गोठ्याचं तोंड पश्चिमेला आहे. सकाळी तिथे उन्हाचं नावही नसतं. तिने माझ्याकडे पाहिलं आणि आत जाऊन सुनेला म्हणाली ते मला कुडाच्या फटीतून ऐकू आलं. "पोरी, चहा मी ठेवतो. तू जाय खोलीत. सपरीत कोनी नाई."

मी वाख भिजवत बसलो. बैल माझ्याकडे असं पाहत होता की याचं इथे काय काम. बराच वेळ घरातून आवाज आला नाही. मग आला. कोणी तरी मोठ्याने वाचत होतं, आधी अडखळत, मग सरळ. शब्द कळत नव्हते. सूर तेवढा येत होता.

पोरगा सायकल घेऊन गोठ्यापाशी आला.

"बाबा, इथं काहून बसले?"

"बैल कमजोर दिसून राहिला. ध्यान ठेवा लागते."

त्याने बैलाकडे पाहिलं. बैल चांगला धष्टपुष्ट होता. मग त्याने शर्टाच्या आत ठेवलेला कागद वरून चाचपला आणि म्हणाला, "सही केली तिनं."

"मागच्या चाकात हवा कमी हाय तुह्या," मी म्हटलं.

पंप आणून मी स्वतः हवा भरून दिली, आणि रस्त्यापर्यंत त्याला सोडायला गेलो. परतताना सपरीतून आलो नाही. घराला बाहेरून वळसा घातला आणि मागच्या वाटेने गोठ्यात जाऊन वाख हातात घेतला.